फोस्टा-सेस्टा कायदा

मानवी तस्करीला मदत करणाऱ्या संकेतस्थळांचे कायदेशीर संरक्षण काढून घेणारा अमेरिकेचा संघीय कायदा. राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ११ एप्रिल २०१८ रोजी त्यावर सही केली. प्रतिनिधिगृहात अ‍ॅन वॅग्नर यांनी मांडलेले ‘फोस्टा’ आणि सिनेटमध्ये रॉब पोर्टमन यांनी मांडलेले ‘सेस्टा’ ही दोन विधेयके एकत्र करून तो तयार झाला, म्हणून हे जोडनाव. स्त्रिया व मुलींची विक्री थांबवणे हा त्याचा जाहीर हेतू होता. फटका मात्र मुख्यतः देहविक्रीच्या व्यवसायात असलेल्या प्रौढ सेक्स वर्करांना बसला.

पार्श्वभूमी : अमेरिकेच्या १९९६ सालच्या कम्युनिकेशन्स डीसेन्सी अ‍ॅक्टमधील कलम २३० नुसार वापरकर्त्यांनी टाकलेल्या मजकुराबद्दल संकेतस्थळाला प्रकाशक म्हणून जबाबदार धरता येत नाही. आजचे इंटरनेट मोठ्या प्रमाणावर या कलमाच्या आधारावर उभे राहिले. क्रेगलिस्ट या छोट्या जाहिरातींच्या संकेतस्थळाने २०१० मध्ये राज्यांच्या महाधिवक्त्यांच्या दबावाखाली प्रौढ सेवांचा विभाग बंद केला, तेव्हा त्यातल्या बऱ्याच जाहिराती बॅकपेज या तशाच दुसऱ्या संकेतस्थळाकडे गेल्या. तिथे अल्पवयीन मुलींच्याही जाहिराती झळकत होत्या. अशा मुलींनी भरलेला दावा २०१६ मध्ये संघीय अपील न्यायालयाने कलम २३० वर बोट ठेवून नामंजूर केला. पुढच्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीने दाखवून दिले की बॅकपेज जाहिरातीतले वय सुचवणारे शब्द गाळून उरलेला मजकूर प्रसिद्ध करत असे. लोकांचा संताप रास्त होता. ज्या मुलींना विकले गेले त्यांना न्यायालयात दादच मिळू नये, हे कोणत्याही न्यायव्यवस्थेला लांच्छन आहे.

तरतुदी : तस्करीच्या प्रकरणांत पीडितांना आणि राज्यांना संकेतस्थळांवर कारवाई करता यावी, यासाठी कलम २३० ला अपवाद करण्यात आले. त्याच्या जोडीला एक नवा संघीय गुन्हाही निर्माण झाला : दुसऱ्या व्यक्तीच्या देहविक्रीला चालना देण्याच्या किंवा ती सुकर करण्याच्या हेतूने संकेतस्थळ चालवणे. शिक्षा १० वर्षांपर्यंत. पाच किंवा अधिक व्यक्तींची देहविक्री असेल, किंवा तस्करीकडे बेदरकारपणे काणाडोळा केला असेल, तर २५ वर्षांपर्यंत. सगळा घोळ इथेच आहे. या गुन्ह्यासाठी तस्करी सिद्ध व्हावी लागत नाही, साधी देहविक्री पुरते. जिला जबरदस्तीने आणले ती मुलगी आणि जी घरभाडे भरण्यासाठी, पोरांना वाढवण्यासाठी हे काम करते ती बाई, या दोघींना कायद्याने एकाच रकान्यात टाकले.

मतदानापूर्वी खुद्द न्याय खात्याने पत्र लिहून मसुद्यातील घटनात्मक अडचण दाखवली होती आणि एका तरतुदीमुळे तस्करांवरील खटले अवघड होतील असाही इशारा दिला होता. तो ऐकला गेला नाही. सिनेटमध्ये ९७ विरुद्ध २ मतांनी विधेयक संमत झाले. विरोध करणाऱ्या दोघांपैकी रॉन वायडन हे कलम २३० च्या मूळ शिल्पकारांपैकी एक होते.

परिणाम : सिनेटचे मतदान २१ मार्चला झाले. दोनच दिवसांत क्रेगलिस्टने व्यक्तिगत जाहिरातींचा संपूर्ण विभाग काढून टाकला. रेडिटने काही गट बंद केले. सही होण्याआधीच, नुसत्या धास्तीने हे घडले. बॅकपेज ६ एप्रिलला सरकारने ताब्यात घेतले, तेही जुन्याच कायद्यांखाली. नवा कायदा तेव्हा अमलातही आलेला नव्हता.

या संकेतस्थळांबरोबर काय गेले, हे बाहेरच्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. ऑनलाइन जाहिरात देणाऱ्या बाईला गिऱ्हाइकाशी आधी बोलता येई. त्याचे खरे नाव, फोन, नोकरी तपासता येई, दुसऱ्या सेक्स वर्करकडे त्याची चौकशी करता येई. पैसे, वेळ, कंडोम, काय चालेल आणि काय चालणार नाही, हे सगळे भेटीपूर्वी ठरे. मारहाण करणाऱ्या, पैसे बुडवणाऱ्या पुरुषांच्या याद्या या बायका आपापसांत फिरवत आणि त्या याद्यांनी अनेकींना सावध केले. रस्त्यावर उभे राहून गाडीच्या खिडकीतून काही क्षणांत निर्णय घ्यावा लागतो, तिथे यातले काहीच होत नाही. स्वतःची जाहिरात स्वतः देता येत असल्याने मधल्या दलालाचीही गरज उरली नव्हती. संकेतस्थळे बंद होताच दलालांना पुन्हा वाव मिळाला.

‘हॅकिंग हसलिंग’ या सेक्स वर्करांच्याच गटाने २०२० मध्ये ‘इरेज्ड’ हा अहवाल काढला. त्यातील ऑनलाइन सर्वेक्षणात ७२.४५ टक्के जणांनी आर्थिक अस्थिरता वाढल्याचे सांगितले, तर ३३.८ टक्के जणांनी गिऱ्हाइकांकडून होणारी हिंसा वाढल्याचे. नमुना लहान आहे, तरी ज्यांच्या नावाने कायदे होतात त्यांना कोणीतरी विचारले, म्हणून या अहवालाचे मोल मोठे. पर्याय उभे करण्याचे प्रयत्नही झाले. ऑस्ट्रेलियातील गटाने सुरू केलेल्या ‘स्विटर’ या समाजमाध्यमाची सेवा क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपनीने एप्रिल २०१८ मध्येच तोडली. ते दुसरीकडे हलवून चालवले गेले आणि २०२२ मध्ये, ऑस्ट्रेलियासह अन्य देशांतील ऑनलाइन नियमनाचे नवे कायदे सांभाळणे अशक्य झाल्याने बंद पडले.

अंमलबजावणी : अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने जून २०२१ मध्ये दिलेल्या अहवालानुसार तोपर्यंत नव्या फौजदारी कलमाखाली फक्त एक खटला दाखल झाला होता. त्या कलमाखाली नुकसानभरपाई कोणालाही मिळालेली नव्हती. बॅकपेजसारखी मोठी संकेतस्थळे गेल्यावर जाहिरातदार परदेशांतून चालणाऱ्या संकेतस्थळांकडे वळले, त्यामुळे पुरावे गोळा करणे अवघड झाले, असेही अहवाल सांगतो. म्हणजे ज्यांना वाचवायचे होते त्या मुली तपासयंत्रणेपासून आणखी दूर गेल्या.

न्यायालयीन आव्हान : वुडहल फ्रीडम फाउंडेशन, ह्यूमन राइट्स वॉच, इंटरनेट आर्काइव्ह आणि क्रेगलिस्टवरील जाहिरात गमावलेला एक मसाज व्यावसायिक यांनी जून २०१८ मध्ये कायद्याला आव्हान दिले. जुलै २०२३ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने कायदा वैध ठरवला, मात्र ‘चालना देणे’ व ‘सुकर करणे’ यांचा अर्थ गुन्ह्याला जाणीवपूर्वक साथ देण्यापुरता सीमित केला. सेक्स वर्करांच्या हक्कांची बाजू मांडणे किंवा त्यांना सुरक्षिततेची माहिती पुरवणे त्यात बसत नाही. हा दिलासा पाच वर्षांनी आला. तोवर बंद झालेले काही परतले नाही. कायद्याच्या परिणामांचा सरकारी अभ्यास व्हावा यासाठी रो खन्ना, एलिझाबेथ वॉरन आदींनी डिसेंबर २०१९ मध्ये विधेयक मांडले, ते संमत झाले नाही.

भारतातील संदर्भ : तस्करी आणि देहविक्री यांची गल्लत भारतालाही नवी नाही. सांगलीत ‘संग्राम’ या संस्थेच्या कामातून उभी राहिलेली ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ १९९० च्या दशकापासून या गल्लतीशी झगडते आहे. धाड घालून ‘सोडवलेल्या’ प्रौढ बायकांना त्यांच्या मर्जीविरुद्ध सुधारगृहात डांबले जाते, हा तिचा जुना आक्षेप. २०१८ च्याच जुलैमध्ये लोकसभेने संमत केलेल्या मानवी तस्करीविरोधी विधेयकात, तस्करीकडे नेऊ शकेल असा मजकूर इलेक्ट्रॉनिक माध्यमातून पसरवणे गुन्हा ठरवण्याची तरतूद होती. सेक्स वर्करांच्या संघटनांनी विधेयकाला विरोध केला. राज्यसभेत ते आलेच नाही आणि २०१९ मध्ये लोकसभेच्या विसर्जनाबरोबर रद्द झाले. मे २०२२ मध्ये बुद्धदेव कर्मस्कर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सेक्स वर्करांशी सन्मानाने वागण्याचे निर्देश दिले आणि धाडींच्या बातम्यांत त्यांची ओळख उघड न करण्याबाबत माध्यमांना बजावले.