शिंदळ माकुडी : शोध, ऱ्हास व पुनर्लागवड

शिंदळ माकुडी : (लॅ. फ्रेरिआ इंडिका, कुल-ॲपोसायनेसी, जुन्या वर्गीकरणानुसार रुई कुल, ॲस्क्लेपिएडेसी). महाराष्ट्रातील काही डोंगरकड्यांपुरती मर्यादित असलेली ही लहान, बहुवर्षायू, मांसल वनस्पती होय. ती प्रथम जुन्नर परिसरातील डोंगरावर आढळली. आज ती जगातील अनेक संग्राहकांच्या काचगृहांत व खिडक्यांतील कुंड्यांत सुखाने वाढताना दिसते. तिच्या मूळ कड्यांवर मात्र ती मोजकीच उरली आहे. कुंडीतील सुलभ वाढ आणि कड्यावरील दुर्मिळता या विसंगतीतच तिच्या गेल्या दीडशेहून अधिक वर्षांच्या इतिहासाचे सार आहे.

शिंदळ माकुडीची खोडे बोटाएवढी जाड, गोलसर, हिरवट-करडी व रसाळ असून ती खडकावर पसरतात किंवा कड्यावरून खाली लोंबतात. पावसाळ्यात त्यांवर लंबगोल, मांसल पाने येतात व पावसाळा सरल्यावर ती गळून पडतात. फुले पेऱ्यांवर एकेकटी किंवा दोन-दोन येतात. ती सु. दोन सेंमी. व्यासाची, पाच पाकळ्यांची व चांदणीसारखी असतात. त्यांच्या गर्द तांबड्या पृष्ठावर पिवळे ठिपके आणि कडेला बारीक केस असतात. परागण माश्यांकरवी होते. पेटिकाफळे जोडीने येतात. बियांना रुईच्या बियांप्रमाणे रेशमी केसांचा झुबका असल्याने त्या वाऱ्याबरोबर उडतात. माकडशिंग ही तिची जवळची नातलग गुराख्यांच्या व डोंगरातील लोकांच्या परिचयाची असून तिची आंबूस खोडे कच्ची खाल्ली जातात. शिंदळ माकुडीही या सवयीतून सुटलेली नाही.

या वनस्पतीच्या शोधाला जुन्नरचा परिसर कारणीभूत व्हावा, हा केवळ योगायोग नव्हता. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत पश्चिमेकडील भीमाशंकर-नाणेघाटाच्या रांगेत पावसाचा भर असतो, तर पूर्वेकडे लोणी-धामणीच्या बाजूला तोच पाऊस इतका विरळ होतो की, तेथे दुष्काळ नेहमीचाच. शंभर किमी.पेक्षा कमी अंतरात होणाऱ्या या बदलाच्या मधल्या पट्ट्यात शिवनेरी व तिच्या आजूबाजूचे बेसाल्टचे कडे उभे आहेत. तेथे चार महिने खडक ओला असतो आणि आठ महिने तापलेला असतो. अशा ठिकाणी पावसाळी पाने व उन्हाळी खोड अशी दुहेरी तजवीक असलेलीच वनस्पती तग धरू शकते. शिवाय एकोणिसाव्या शतकात जुन्नरजवळच्या हिवरे येथे मुंबई सरकारचे वनस्पती-उद्यान होते. दापोडीच्या उद्यानाचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन (१८००–६७) यांच्या देखरेखीखाली तेथे औषधी वनस्पतींची लागवड होई. यामुळे या भागातील डोंगर वनस्पतिशास्त्रज्ञांच्या पायाखालचे झाले होते.

गिब्सन यांच्यानंतर मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झालेले निकोल अलेक्झांडर डॅल्झेल (१८१७–७७) यांनी गिब्सन यांच्यासह बॉम्बे फ्लोरा हा ग्रंथ १८६१ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यानंतर थोड्याच वर्षांत लंडनच्या लिनीअन सोसायटीच्या नियतकालिकाच्या १८६५ च्या खंडात त्यांनी या वनस्पतीचे वर्णन छापले. तिच्या खोडाची ठेवण माकडशिंगासारखी, पण त्यावर खरी, मोठी पाने. हे लक्षण या गटात इतके अनपेक्षित होते की, डॅल्झेल यांनी तिच्यासाठी नवी प्रजाती स्थापन केली. तिला त्यांनी मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रेर यांचे नाव दिले. ज्यांच्या कारकिर्दीत (१८६२–६७) मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडला गेला, त्यांचेच नाव किल्ल्यांच्या कड्यांवर वाढणाऱ्या वनस्पतीला चिकटून राहिले, ही गंमतच म्हणावयाची. पुढे प्रजातीच्या स्वतंत्रपणाबद्दल मतभेद झाले. गॉर्डन राउली यांनी १९५८ मध्ये तिचा समावेश कॅरॅलुमा प्रजातीत केला व अलीकडील वर्गीकरणात ती बौसेरोशिआ प्रजातीत घातली जाते. बागांमध्ये तिचे जवळच्या जातींशी संकर सहज होतात, ही गोष्ट या मताला पोषक आहे. भारतीय ग्रंथांत मात्र फ्रेरिआ हेच नाव रूढ आहे.

डॅल्झेल यांच्यानंतर पुरंदर, वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वर, रंधा धबधबा, शिवथर घळ अशा आणखी थोड्या ठिकाणी ती सापडली. ही सर्व ठिकाणे सह्याद्रीच्या व त्याच्या पूर्वेकडील फाट्यांच्या उंच कड्यांवरील आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मुंबई राज्यातील रुई कुलाचा आढावा एच्. संतापाव व एन्. ए. इराणी यांनी १९६२ मध्ये घेतला. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुणे कार्यालयातील के. हेमाद्री यांनी त्याच दशकात जुन्नरच्या वनश्रीचा अभ्यास केला. त्यांच्या कामातून याच परिसरातील कंदीलपुष्पाच्या (सेरोपेजिआ) नव्या जातीही उजेडात आल्या. त्यांपैकी एकीला टी. एस्. महाबळे यांचे नाव दिलेले आहे. १९८० नंतरच्या दशकात आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने शिंदळ माकुडीचा जगातील अत्यंत धोक्यात आलेल्या बारा वनस्पतींमध्ये समावेश केला. तेव्हापासून तिचे नाव तज्ञांच्या वर्तुळाबाहेरही पोहोचले.

या काळातील सर्वांत मोलाचे संशोधन मात्र एका जर्मन प्रयोगशाळेत झाले. ओटो लांगे व एम्. त्सुबर यांनी १९७७ मध्ये असे दाखविले की, या वनस्पतीची पाने सामान्य वनस्पतींप्रमाणे दिवसा कार्बन डाय-ऑक्साइड घेतात, तर तिचे खोड निवडुंगाप्रमाणे रात्री तो घेऊन अम्लाच्या रूपात साठविते व दिवसा त्वग्रंध्रे मिटून त्याचा उपयोग करते. एकाच शरीरात दोन प्रकारचे प्रकाशसंश्लेषण चालते. पाने असतात तेव्हा वाढ जलद होते. ती गळाल्यावर खोड पाण्याची काटकसर करीत तग धरते.

कुंडीतील रोगट रोप वाचविण्याच्या रीतीचे मर्म या शोधात सापडते. पाने गळलेले रोप मेले असे समजून अनेक जण त्याला अधिक पाणी घालतात. वस्तुतः ते रोप विश्रांती घेत असते आणि त्या काळात मुळांशी साचलेले पाणीच त्याचा घात करते. बुंधा मऊ, तपकिरी व पाणीदार झाला की, कूज वर चढू लागली असे समजावे. अशा वेळी रोप उपटून कुजका भाग धारदार, स्वच्छ सुरीने छाटतात. छेदात तपकिरी ठिपका दिसेनासा होऊन सर्वत्र हिरवा-पांढरा गर दिसेपर्यंत वर वर कापीत जावे लागते. येथे हात आखडला, तर सर्व श्रम वाया जातात. उरलेला निरोगी तुकडा सावलीत काही दिवस पडू देतात. छेद सुकून त्यावर कोरडी खपली धरली, म्हणजे तो जाड वाळू, खडी व थोडे पानांचे खत यांच्या मिश्रणावर टेकवून ठेवतात. उबदार दिवसांत त्याला पेऱ्यांजवळ मुळे फुटतात. मुळे धरेपर्यंत पाणी बेतानेच द्यावयाचे असते. मुळे धरतच नसतील, तर सेरोपेजिआच्या कंदावर किंवा जवळच्या मांसल जातीच्या खोडावर कलम बांधण्याची पद्धत परदेशी संग्राहकांत रूढ आहे. निरोगी रोपापासून नवी रोपे करण्यासही हीच छाट कलमाची रीत वापरतात व ती सहसा फसत नाही.

याच सोप्या रीतीने विसाव्या शतकात ही वनस्पती युरोप-अमेरिकेतील संग्रहांत पसरली. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुणे येथील प्रायोगिक उद्यानातही ती छाट कलमांनी वाढविली गेली व कड्यांवर तिची पुनर्लागवड करण्याचे प्रयत्न झाले. शिरवळ येथील नौरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्रानेही तिच्या संवर्धनात लक्ष घातले. पुढे ऊतक संवर्धनाच्या तंत्राने तिची रोपे प्रयोगशाळेत तयार करण्यात आली.

तथापि रोपांच्या संख्येवरून ती वाचली असे मानणे, प्रस्तुत लेखकाच्या मते, घाईचे ठरेल. छाट कलमांनी केलेली शंभर रोपे ही आनुवंशिक दृष्ट्या एकच रोप असते. त्यांच्यात रोगप्रतिकाराचा किंवा हवामानाशी जुळवून घेण्याचा निराळेपणा नसतो. ज्या संग्रहांत मूळ ठिकाणाची नोंद हरवलेली आहे, तेथील रोप शिवनेरीचे की सज्जनगडचे हे सांगता येत नाही. आणि अशी रोपे कोणत्याही कड्यावर नेऊन लावणे म्हणजे भिन्न ठिकाणच्या वंशांची सरमिसळ करणे होय. कड्यावरील वस्तीला चराई, वणवे, दरडी कोसळणे व संग्राहकांची खोडे तोडून नेण्याची हौस हे धोके आहेत. शिवनेरीचा समावेश २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाल्यापासून गडाची वर्दळ व डागडुजी या दोन्ही गोष्टी वाढण्याचा संभव आहे. तट-कड्यांच्या फटींतील झाडोरा साफ करताना माकुडीची खोडे ओळखू येणे म्हणूनच अगत्याचे आहे. उन्हाळ्यात ती पर्णहीन असताना वाळक्या काड्यांसारखी दिसतात.

पुनर्लागवडीसाठी पावसाळ्याचा आरंभ योग्य समजला जातो. त्या त्या कड्यावरील निरनिराळ्या झाडांपासून काढलेले मूळ धरलेले तुकडे, गुरांचे तोंड पोहोचणार नाही अशा फटीत मातीसह बसवितात. लावलेला तुकडा जगला, एवढ्यावरून लागवड यशस्वी ठरत नाही. त्याला फुले येऊन, माश्यांकरवी परागण होऊन आणि वाऱ्याने उडालेले बी शेजारच्या फटीत रुजून नवे रोप दिसेपर्यंत त्या जागेवर वर्षानुवर्षे नजर ठेवावी लागते.