मत्स्यालयातील शैवल नियंत्रण

काचेच्या टाकीत मासे व पाणवनस्पती पाळताना काचेवर, दगडांवर व पानांवर वाढणाऱ्या शैवलांना आळा घालण्याच्या पद्धतींचा यात समावेश होतो. प्रकाश आणि माशांची विष्ठा व उरलेले अन्न यांतून मिळणारी नायट्रोजन व फॉस्फरसयुक्त पोषकद्रव्ये यांवर शैवले वाढतात. अल्प प्रमाणात ती उपकारक असतात. त्यांची अतिवाढ हे मात्र टाकीतील संतुलन बिघडल्याचे लक्षण होय.

इतिहास : हा प्रश्न मत्स्यालयाच्या कल्पनेइतकाच जुना आहे. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९ मध्ये सुमारे ५५ लि. क्षमतेच्या काचपात्रात गोल्डफिश जातीचे दोन मासे व व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीने सोडलेला ऑक्सिजन माशांना पुरला. परंतु जुनी पाने कुजून पाणी गढूळ झाले व काचेवर हिरवा थर चढला. तेव्हा त्यांनी लिम्निया वंशातील काही गोगलगाई पात्रात सोडल्या. त्यांनी तो थर व कुजकी पाने खाल्ल्याने पाणी निवळले आणि त्यांची अंडी माशांचे खाद्य झाली. ही निरीक्षणे त्यांनी १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे मांडली.

फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ मधील ग्रंथाने हा छंद इंग्लंडमध्ये लोकप्रिय झाला. पुढे विल्यम ॲल्फर्ड लॉइड यांनी निराळा मार्ग अनुसरला. १८७१ मध्ये उघडलेल्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात त्यांनी अंधाऱ्या भूमिगत हौदातील पाणी पंपाने टाक्यांतून सतत खेळविले. शैवले खाणारा प्राणी आणि प्रकाशाची मर्यादा हे दोन्ही उपाय अशा रीतीने एकोणिसाव्या शतकातच ज्ञात झाले होते. विसाव्या शतकात ताकाशी आमानो (१९५४–२०१५) या जपानी छायाचित्रकारांनी वनस्पतिप्रधान टाक्यांत गोड्या पाण्यातील लहान कोळंबीचा वापर रूढ केला.

माशांची निवड : दक्षिण अमेरिकेतील ऑटोसिंक्लस हा सु. ४ सेंमी. लांबीचा मासा लहान टाकीस योग्य असून तो मऊ हिरवी शैवले व डायाटमांचा तपकिरी थर खातो. आग्नेय आशियातील क्रॉसोकायलस वंशातील काही मासे केसाळ शैवलेही खातात. जायरिनोकायलस लहानपणी उपयुक्त असला, तरी मोठेपणी आक्रमक होऊन इतर माशांच्या अंगावरील श्लेष्म खरवडतो. दख्खनच्या ओढ्यांतील गॅरा मुल्या हा मासा खडकांवरील शैवले खातो. त्याला वाहते व ऑक्सिजनयुक्त पाणी लागते. नील-हरित थर हा वस्तुतः जीवाणूंचा असल्याने बहुतेक मासे त्याला तोंड लावीत नाहीत.

कोणताही मासा मूळ कारण दूर करीत नाही. खाल्लेल्या शैवलांतील पोषकद्रव्ये विष्ठेवाटे बहुतांशी पाण्यातच परततात. म्हणून टाकीवर थेट ऊन पडू न देणे, दिवा ६ ते ८ तासच लावणे, अन्न मोजके देणे, दर आठवड्यास सुमारे चतुर्थांश पाणी बदलणे व जोमाने वाढणाऱ्या वनस्पती लावणे हे प्रमुख उपाय ठरतात.

धोके : काच साफ करण्यासाठी विकला जाणारा टेरिगोप्लिक्थिस हा दक्षिण अमेरिकी मार्जारमीन ४० सेंमी. हून अधिक वाढतो. टाकी अपुरी पडल्यावर तो नदीत वा तलावात सोडला जातो. अशा माशांनी भारतातील अनेक जलाशयांत वस्ती केली असून ते मच्छीमारांची जाळी फाडतात व स्थानिक माशांशी अन्नासाठी स्पर्धा करतात. यास्तव पूर्ण वाढीचा आकार पाहूनच मासा निवडावा व नकोसा झालेला मासा नैसर्गिक पाण्यात कधीही सोडू नये.