वजनदार गाडीचा पूर्वपक्ष

नागपूरच्या प्रतापनगर चौकातल्या कुठल्याही टपरीवर गाडीचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं. "भाऊ, गाडी जड पायजे. हलकी गाडी समृद्धीवर हवेत उडते ना!" मग बोलणारा उठून शेजारी उभ्या असलेल्या गाडीचं दार लावून दाखवतो. दार धप्प वाजलं तर गाडी उत्तम, टण्ण वाजलं तर पत्र्याचा डबा. खामल्यापासून त्रिमूर्तीनगरापर्यंत निम्म्या गाड्यांची परीक्षा तिथेच आटोपते.

याच मताची एक शिकलेली आवृत्तीही आहे. ती म्हणते, हलकी, दोन सीटांची, खडखडणारी स्पोर्ट्‌स कार हे वयाचं वेड. चार पैसे हाती आले की माणसाने शांत, दणकट, सफाईदार आणि भरपूर ताकदीच्या गाडीकडे वळावं, कारण ती त्याच आनंदाची पुढची पायरी आहे. पहिल्या मताला दाराचा आवाज पुरतो, दुसऱ्याला इंग्रजी मासिकांतले आकडे लागतात. गृहीत मात्र दोघांचं एकच: वजन म्हणजे दर्जा. मला हे गृहीतच मान्य नाही. गाडी चालवण्याचा आनंद हवा असेल तर वजन हा गुण नसून किंमत आहे, आणि सुरक्षिततेशी त्याचं नातं लोक समजतात तितकं सरळ नाही.

आधी 'रस्ता धरून चालते' या समजाकडे पाहू. रस्ता धरतं ते टायर; गाडीचं वजन नव्हे. प्रत्येक चाकाखाली साधारण तळहाताएवढा रबराचा तुकडा जमिनीला टेकलेला असतो आणि वळताना, थांबताना, वेग घेताना सगळा व्यवहार तेवढ्या तुकड्यातून होतो. टायरवरचा भार दुप्पट केला तर पकड वाढते खरी, पण दुप्पट होत नाही, त्याहून कमीच भरते. वळणावर गाडीला बाहेर ढकलणारा जोर मात्र वजनाच्या प्रमाणात पुरेपूर दुप्पट होतो. म्हणून टायर सारखेच असतील तर वळण हलकीच चांगलं घेते. जड गाडीला रुंद टायर लागतात. रुंद टायरला मोठी चाकं, मोठ्या चाकांना मोठे ब्रेक, आणि हे सगळं पेलायला दणकट सस्पेन्शन. म्हणजे वजन पेलायला आणखी वजन. लोटस कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमन याने हे चक्र उलटं फिरवलं. 1957 ची लोटस सेव्हन असो की त्याच्या पश्चात 1996 साली आलेली, जेमतेम सव्वासातशे किलोंची एलिस, लहान इंजिनं लावूनही या गाड्या वळणावळणाच्या रस्त्यावर बड्याबड्यांना घाम फोडत.

टपरीवरच्या भाऊंचा एक मुद्दा मात्र मान्य केला पाहिजे. उघड्या माळरानावर आडवा वारा सुटतो किंवा ट्रकला ओलांडताना हवेचा फटका बसतो, तेव्हा तेवढ्याच फटक्याने हलकी गाडी जास्त सरकते. पण फटका किती बसणार हे गाडीच्या उंचीवर आणि बाजूच्या क्षेत्रफळावर ठरतं. हवेत डुलतात त्या उंच, अरुंद, छोट्या हॅचबॅक. बुटक्या स्पोर्ट्‌स कारवर त्यांचं पाप ढकलण्यात अर्थ नाही.

आता थांबण्याचा हिशेब. ताशी 120 किलोमीटर ही समृद्धी महामार्गावरची कारची कायदेशीर मर्यादा. त्या वेगात हजार किलोच्या गाडीत साधारण साडेपाच लाख ज्यूल ऊर्जा साठलेली असते, एकोणीसशे किलोच्या गाडीत साडेदहा लाखांच्या वर. थांबायचं म्हणजे ही सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता करून टाकायची. एकदा थांबायला दोन्ही गाड्यांचे ब्रेक पुरतात. खरी परीक्षा घाटात होते. चिखलदऱ्याहून परतवाड्याला उतरताना आपण सातशे मीटरच्या आसपास खाली येतो. घर्षण आणि हवा यांचा वाटा सोडला, तर या एका उतारात 120 वरून पूर्ण थांबण्याइतकी ऊर्जा बारा वेळा मुरवावी लागते. इंजिन ब्रेकिंगने तिच्यातला बराच भाग निघतो, पण ऑटोमॅटिकची सवय लागलेले पाय डाव्या पेडलावरून हलत नाहीत. प्रतापनगरच्या मागच्या गल्लीतल्या एका गॅरेजात अशाच घाटावरून आलेल्या एका जड परदेशी सेडानचं चाक उतरवलेलं पाहिलं. डिस्कवर निळे-जांभळे डाग पडले होते, कडेला नखाला लागेल अशी धार आली होती आणि पॅडच्या कोपऱ्यात बारीक भेगा होत्या. मिस्त्रीने पॅड हातात घेऊन वास घेतला आणि काही न बोलता बाजूला ठेवला. शेजारच्या रॅम्पवर जुनी झेन होती. तिच्या डिस्क त्या सेडानच्या निम्म्या आकाराच्याही नव्हत्या. अर्थात, झेनला अडवायचं वजनही साडेसातशे किलोंच्या आतबाहेरच.

"ते सगळं ठीक आहे, पण ठोकली तर?" हा प्रश्न येतोच, आणि तो यायलाही हवा. समोरासमोर टक्कर झाली तर जड गाडीतल्या माणसाला फायदा मिळतो, हे पदार्थविज्ञान आहे, ते नाकारण्यात हशील नाही. हा फायदा समोरच्याच्या खात्यातून वळता होतो, एवढं फक्त लक्षात ठेवावं. रिंग रोडवर समोर बहुतेक वेळा ॲक्टिव्हा असते. बाकी झाड, खांब, पूल किंवा उभा ट्रक यांच्यावर आदळताना गाडीचा सांगाडा कसा दुमडतो, एअरबॅग आणि सीटबेल्ट कसे काम करतात यावर जीव ठरतो. जड गाडी तिथे आपलीच जास्त ऊर्जा घेऊन आदळते. टक्कर-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने 2016 साली भारतीय गाड्यांची जी तुकडी तपासली तिच्यात क्विड, सेलेरिओ, इऑन या छोट्या गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्याच यादीत एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओही होती. तिलाही शून्य. दार धप्प वाजणाऱ्या गाड्यांत स्कॉर्पिओचा मान तेव्हा फार वरचा होता! उलट 2024 च्या डिझायरने त्याच संस्थेच्या चाचणीत पाच तारे मिळवले, आणि ती टनाच्या आतबाहेरची गाडी आहे. म्हणजे तारे मिळतात ते आराखड्याला आणि साधनांना.

इथे माझ्या बाजूच्या लोकांनाही एक सुनावलं पाहिजे. जुनी झेन किंवा जिप्सी घेऊन समृद्धीवर 120 ने जाणं ही रसिकता नव्हे. हलकी गाडी आणि जुनी गाडी यांची गल्लत आपल्याकडचे शौकीन सर्रास करतात आणि विरोधकाच्या हाती आयतं कोलीत देतात. आधुनिक सुरक्षितता ठेवूनही वजन घटवता येतं. माझ्दाने 2015 च्या एमएक्स-5 मध्ये आधीच्या पिढीपेक्षा सुमारे शंभर किलो कमी केले, अल्पीनची 2017 ची ए110 अकराशे किलोंच्या घरात बसली. वजन वाढणं हा काळाचा नियम असता तर हे झालंच नसतं.

आता 'पुढची पायरी'वाल्यांकडे वळू, कारण त्यांचा युक्तिवाद जास्त तयारीचा आहे. ते फोक्सवागनच्या गोल्फ जीटीआयचं उदाहरण देतात. 1976 ची पहिली जीटीआय आठशेवीस किलोंच्या आसपास, 110 अश्वशक्तीची. 2025 मध्ये मोजक्या संख्येने भारतात आलेली जीटीआय साडेचौदाशे किलोंच्या घरात, 265 अश्वशक्तीची. टनामागे ताकद 130-135 वरून 180 च्या पुढे गेली. वजन वाढलं तरी गाडी जास्तच पळते, मग तक्रार कसली?

पळते, यात वादच नाही. पण ताकदीने फक्त सरळ रेषेतला हिशेब फिटतो. ब्रेकला, टायरला आणि स्टिअरिंगला ते वजन रोजच भेटतं. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. सफाईदार गाडीचं सगळं कौशल्य वेग लपवण्यात खर्ची पडतं. दुहेरी काचा, दारात भरलेलं ध्वनिशोषक, मऊ बुश, हलकं केलेलं स्टिअरिंग. परिणाम असा की 120 ला गाडीत बसून 70 चाच भास होतो. मग मजा हवी असेल तर 160 लागतात, आणि 160 ही आपल्या कुठल्याच रस्त्यावर कायदेशीर नाही. तीनशे अश्वशक्तीचा मालक म्हणूनच एकतर कायदा मोडतो, नाहीतर ताकद गॅरेजात ठेवून घरी येतो. हलक्या गाडीचा चालक हिंगणा रोडच्या पलीकडच्या वळणावर साठ-सत्तरच्या वेगात पूर्ण गुंतलेला असतो: गिअर कधी टाकायचा, गाडीचा भार कुठल्या चाकावर चालला आहे, पुढचं टायर कधी कुरकुरू लागलं. प्रतापनगरच्या शेजारच्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेतल्या अभ्यासकांनी समृद्धीवरच्या अपघातांच्या कारणांत 'महामार्ग संमोहना'चा मुद्दा मांडला होता. सरळ, सपाट, एकसुरी रस्त्यावर चालकाचं भान हरपतं. गाडीनेही रस्त्याची सगळी खबर अडवली तर त्या संमोहनाला मदतच होते, असं मला वाटतं.

सफाईदार गाडीची बाजू खरोखर मजबूत आहे ती लांबच्या प्रवासात. समृद्धीने नागपूर ते आमणे 701 किलोमीटर, कॉंक्रीटवर टायरचा अखंड घुमारा. हलक्या गाडीतून उतरताना कान बधिर आणि पाठ ताठ झालेली असते. 2004 साली स्कोडाने आपल्याकडे ऑक्टेव्हिया आरएस आणली, 1.8 लिटर टर्बो, 150 अश्वशक्ती. ती चालवलेला माणूस अजून तिच्याबद्दल हळवेपणाने बोलतो आणि त्याचं चुकत नाही. कुटुंबासकट सामान भरून, न थकता आणि वेळेत मुंबई गाठणं ही फार मोठी सोय आहे. तिला सोय म्हणावं. ती गाडी चालवण्याच्या आनंदाची वरची इयत्ता आहे असं सांगू लागले की माझा आक्षेप सुरू होतो.

यावर इतिहासाचा दाखला येतो: हलकी स्पोर्ट्‌स कार आपल्याकडे चालतच नाही, गोव्याच्या सॅन स्टॉर्मचं काय झालं बघा. बघूच. 1998 साली सॅन मोटर्सने गोव्यात ही दोन सीटांची, फायबरच्या अंगाची, उघड्या छपराची गाडी आणली. आराखडा फ्रेंच, इंजिन रेनोचं 1149 सीसीचं, ताकद साठ अश्वशक्तीच्या आसपास. ती फार खपली नाही, हे खरं. पण एका लहान कारखान्याची, देशभर सर्व्हिसचं जाळं नसलेली, सुटे भाग शोधत फिरायला लावणारी गाडी खपली नाही यावरून हलकेपणा हरला असा निष्कर्ष काढणं म्हणजे एक सावजी खानावळ बंद पडली म्हणून सावजी जेवण लोकांना आवडत नाही असं म्हणणं. शिवाय त्याच काळात लोक हलक्या गाड्याच हौसेने पळवत होते, फक्त त्यांना स्पोर्ट्‌स कार म्हणत नव्हते. 1993 ची झेन आणि टनभर वजनाची जिप्सी यांच्यावर भारतातल्या रॅली आणि शर्यतींची एक अख्खी पिढी वाढली. पुढे रांजणगावच्या कारखान्यातून 2015 साली 145 अश्वशक्तीची अबार्थ पुंटो निघाली, फोक्सवागनच्या चाकण कारखान्यातून त्याआधी 2013 मध्ये पोलो जीटी टीएसआय. या दोन्हींचे चाहते अजून त्या जपून चालवतात.

उरले आपले रस्ते. बुटकी गाडी नागपुरात पोट घासते, हा आरोप अर्धा खरा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात स्पीड ब्रेकर 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद सांगितला आहे. गल्लीतल्या लोकांनी रातोरात घातलेला डांबराचा उंचवटा तसा असतो का, हे प्रतापनगरात राहणाऱ्याला विचारायची गरज नाही. पण अशा उंचवट्यावर पोट घासणं फक्त जमिनीपासूनच्या उंचीवर अवलंबून नसतं, पुढच्या-मागच्या चाकांतल्या अंतरावरही असतं. एलिसचा व्हीलबेस 2.3 मीटर. आपल्याकडे खास लांब करून विकल्या जाणाऱ्या जर्मन सेडानचा तीन मीटरच्या जवळ जातो. आलिशान सेडान स्पीड ब्रेकरवर तिरकी करून, श्वास रोखून उतरवणारे साहेब मी स्वावलंबीनगरच्या रस्त्यावर कितीतरी पाहिले आहेत. रस्त्याचं कारण त्यांनी सेडान घेताना मात्र पुढे केलं नव्हतं.

हलकी गाडी आज बाजारात का नाही, याचं उत्तर रस्त्यात किंवा लोकांच्या आवडीत शोधण्यापेक्षा आयातशुल्कात आणि करात शोधावं. परदेशात मध्यमवर्गीयाला परवडणारी माझ्दा इथे अधिकृतपणे विकलीच जात नाही. लोटस 2023 मध्ये भारतात आली, पण सुरुवात केली ती अडीच टनांच्या आसपासच्या विजेवरच्या एसयूव्हीने, किंमत अडीच कोटींच्या वर. चॅपमनच्या नावावर याहून मोठा विनोद शोधून सापडायचा नाही. आपला कर लांबी आणि इंजिन मोजतो, वजन मोजत नाही. चार मीटरच्या आतली, पेट्रोलवरची 1200 सीसीपर्यंतची गाडी ही सवलतीची रेषा 2006 पासून आहे, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून त्या रेषेच्या आत जीएसटी 18 टक्के, बाहेर 40. सॅन स्टॉर्मचं इंजिन या रेषेत बसलं असतं. पोलो जीटी टीएसआय तर इंजिनाने, म्हणजे 1197 सीसीने, आणि लांबीने, म्हणजे 3,971 मिलिमीटरने, दोन्हीकडून बसत होती. चाकणने पोलोच 2022 मध्ये बंद केली, सवलत वाढली त्याच्या तीन वर्षं आधी.