दोन हजेरीपट आणि एक दुभाष्या

कामगार चळवळीत आयुष्य काढलेल्या माणसाने संगणकाच्या इतिहासावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण हजेरीपटावर नाव कोण लिहितो, हा प्रश्न आमच्या जुन्या ओळखीचा आहे.

युनिक्स यंत्रणा माणसाला एका आकड्याने ओळखते. नाव आणि आकडा यांची जोडी तिच्या यादीत असते. विंडोजच्या जाळ्यात प्रत्येकाला लांबलचक ओळखक्रमांक असतो. त्याचा पुढचा भाग 'डोमेन'चा, म्हणजे त्या गटाचा, आणि शेवटचा त्या माणसाचा. यंत्रांची नावेही तिकडे जास्तीत जास्त १५ अक्षरांची, आणि पुकारण्याची रीत निराळी. दोन्ही यंत्रणा एका कचेरीत आल्या की एकाच माणसाच्या दोन नोंदी होत. नोकरी सुटलेल्याचे नाव एका वहीतून खोडले, तरी दुसरीत राही.

१९९१ च्या अखेरीस कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील विद्यार्थी अँड्र्यू ट्रिजेल यांनी या कोड्याला हात घातला. तारेवरून जाणारे संदेश न्याहाळून त्यांनी पलीकडची बोली उकलली. परक्या देशातील उपाहारगृहात बसावे, गिऱ्हाइकाने काय मागितले व वाढप्याने काय आणले ते पाहत भाषा शिकावी, अशी उपमा त्यांनीच पुढे दिली. आम्ही इंग्रजी याच रीतीने शिकलो; नोटीस वाचायची आणि मग कारखान्यात काय घडते ते पाहायचे! त्यांच्या आज्ञावलीला १९९४ मध्ये 'सांबा' हे नाव मिळाले.

२००१ च्या सुमारास सांबात 'विनबाइंड' आला. युनिक्समध्ये कोणत्या वहीत आधी पाहायचे हे सांगणारी एक फाइल आधीपासूनच होती. तीत विनबाइंडची एक ओळ घातली, की घरच्या यादीत न सापडलेले नाव तो विंडोजच्या मुख्य यंत्राला विचारून आणी. यंत्रांच्या नावांसाठी 'विन्स'ची ओळ तशीच घालता येई.

खरी अडचण आकड्यांची. जो आधी आला त्याला आधीचा आकडा, अशी वाटणी प्रत्येक यंत्र आपापली करी. त्यामुळे एका यंत्रावरचा १०००१ दुसऱ्यावर भलताच माणूस निघे, आणि फाइली तिकडे नेल्या की मालक बदले. हे आम्हाला चांगले कळते. एका कारखान्यात नवे मस्टर आले, तेव्हा एका वृद्ध कामगाराचा टोकन नंबर दुसऱ्याला दिला गेला. त्याची जुनी नोकरी कागदावरून नाहीशी झाली, आणि ग्रॅच्युइटीसाठी दोन वर्षे भांडावे लागले. संगणकवाल्यांनी तोड काढली ती अशी: विंडोजच्या क्रमांकाच्या शेवटच्या भागावरून ठरलेल्या हिशेबाने आकडा काढायचा. मात्र हिशेब सर्व यंत्रांवर एकच हवा.

पलीकडची बोली कागदावर मिळायला मात्र न्यायालयच लागले. २००४ मध्ये युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला सुमारे ४९.७ कोटी युरो दंड केला व जुळणीची माहिती उघड करण्यास फर्मावले. २००७ च्या सप्टेंबरात कंपनी अपील हरली. त्याच डिसेंबरात १०,००० युरो भरून ते दस्तऐवज सांबाच्या मंडळींच्या हाती आले. पाच वर्षांनी, डिसेंबर २०१२ मध्ये सांबाची चौथी आवृत्ती निघाली. विंडोजच्या नव्या पद्धतीचा मूळ हजेरीपट तेव्हापासून युनिक्सच्या यंत्रावरही ठेवता येऊ लागला.