नाग, क्युरारे आणि श्वासाची नळी

नाग चावला की माणूस कशाने मरतो? विषाने, असे आपण सहज म्हणतो. ते खरे आहे, पण अर्धेच. नागाचे विष स्नायूंना मेंदूचा निरोप पोहोचू देत नाही. आधी पापण्या जड होतात, मग जीभ अडखळते, गिळता येईनासे होते आणि शेवटी छातीचा भाता थांबतो. हृदय मात्र त्यानंतरही काही मिनिटे चालू असते.

ही गोष्ट 1870च्या दशकात कलकत्त्यातील डॉ. जोसेफ फेरर आणि लंडनचे डॉ. लॉडर ब्रंटन यांनी प्रयोगांनी दाखवली. विष दिलेल्या प्राण्याला कृत्रिम श्वास दिला, तर त्याचे हृदय कितीतरी वेळ धडधडत राही. हे विष दक्षिण अमेरिकेतील क्युरारेसारखे वागते, असे त्यांच्या लक्षात आले.

क्युरारे म्हणजे तिथल्या आदिवासींचे बाणाला लावायचे विष. 1814 मध्ये लंडनमध्ये एका गाढविणीला ते टोचले. ती निपचित पडली. तेव्हा तिच्या श्वासनळीला छेद देऊन भात्याने हवा भरत राहिले. विषाचा अंमल उतरला आणि ती उठून उभी राहिली. पुढे ती कित्येक वर्षे जगली.

याच विषाचे पुढे औषध झाले. 23 जानेवारी 1942 रोजी माँट्रियल येथे डॉ. हॅरल्ड ग्रिफिथ यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करण्यासाठी ते वापरले. मात्र भूल देण्यात एक जुना धोका होताच. भरल्या पोटी भूल दिली तर पोटातले अन्न आणि आम्ल उलटून फुप्फुसात उतरते. बाळंतिणींच्या बाबतीत हे कसे घडते, ते 1946 मध्ये डॉ. मेंडेल्सन यांनी मांडले. 1961 मध्ये डॉ. सेलिक यांनी गळ्याशी बोटांनी दाब देऊन अन्ननलिका बंद ठेवण्याची युक्ती सांगितली. तिच्या उपयोगाबद्दल आज डॉक्टरांत मतभेद आहेत. 1970 मध्ये स्टेप्ट आणि साफर यांनी या साऱ्या पायऱ्या एका क्रमात बसवल्या. आज त्याला ‘रॅपिड सीक्वेन्स इंट्युबेशन’ म्हणतात.

अपघाताचा किंवा सर्पदंशाचा रुग्ण काही उपाशीपोटी येत नाही. म्हणून हा क्रम महत्त्वाचा. आधी मास्कने काही मिनिटे भरपूर प्राणवायू द्यायचा. मग गुंगीचे औषध आणि लगेच पाठोपाठ स्नायू सैल करणारे औषध. साधारण मिनिटभरात जबडा आणि घसा सैल पडतो. तेवढ्यात नळी श्वासनळीत सरकवायची, तिचा फुगा फुगवायचा आणि ती योग्य जागी गेली याची खात्री करायची.

यात जोखीम मोठी आहे. रुग्णाचा उरलासुरला श्वास डॉक्टर स्वतःच्या हाताने थांबवतो. नळी गेली नाही तर? म्हणूनच शोषणयंत्र, हवा भरण्याची पिशवी, दुसरा उपाय आणि सराव असलेली माणसे जवळ असल्याशिवाय हे काम हाती घ्यायचे नसते.

आता आपल्या सिंधुदुर्गाकडे या. इथे फुरसे आहे, घोणस आहे, नाग आहे आणि मण्यारही आहे. मण्यारीला कोकणात काही ठिकाणी कांडर म्हणतात. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते. दंश फारसा दुखत नाही, खूणही दिसेलच असे नाही. पहाटे पोटात कळ येते आणि डोळे मिटू लागतात. नातेवाइकांना वाटते, झोप येते आहे. खरे तर तो माणूस शुद्धीवर असतो, त्याला फक्त डोळे उघडता येत नाहीत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ग्रामीण महाराष्ट्रातील अशा रुग्णांविषयी सविस्तर लिहून ठेवले आहे.

मण्यारीचे विष मज्जातंतूंची टोकेच निकामी करते. प्रतिविष द्यायलाच हवे, पण झालेली हानी त्याने भरून येत नाही. ती टोके पुन्हा सावरेपर्यंत काही दिवस यंत्राने श्वास द्यावा लागतो. तेवढे दिवस निभावले, तर माणूस बहुधा पूर्ण बरा होऊन चालत घरी जातो. गाढविणीची गोष्ट ती हीच!

प्रश्न आहे तो अंतराचा. मालवणहून ओरोसचे जिल्हा रुग्णालय गाठायचे आणि तिथून बांबोळीला जावे लागले, तर एकूण पल्ला शंभर किलोमीटरहून अधिक. ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले, 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिकाही धावते. पण तिला बोलावणारा घरातलाच कोणीतरी असतो. मांत्रिकाकडे गेलेला तासभर परत मिळत नाही. म्हणून दंशाची नुसती शंका आली तरी निघावे. चिरू नये, आवळून बांधू नये. रुग्णाची लाळ गळत असेल तर त्याला डाव्या कुशीवर न्यावे. वाटेत श्वास थांबला, तर येत असेल त्याने तोंडाने श्वास द्यावा आणि रुग्णालयाच्या दारापर्यंत तो देत राहावा.