गणितशाळेंतील यंत्रें

एका खांबाची उंची ९ हात आहे. माथ्यावर मोर बसलेला आहे व पायथ्याशीं सापाचें बीळ आहे. खांबापासून २७ हातांवर असलेला साप बिळाकडे येऊं लागला, तोंच मोरानें त्याला पाहिलें व तिरपी झेप घातली. दोघांची गति सारखी. तर बिळापासून किती हातांवर मोरानें सापाला गांठलें? भास्कराचार्यांच्या 'लीलावती' ग्रंथांतील हें उदाहरण सुप्रसिद्ध आहे. उत्तर १२ हात. साप १५ हात सरपटला, मोरहि १५ हातच उडाला, आणि ९, १२ व १५ हातांच्या भुजांचा काटकोन त्रिकोण आपोआप सिद्ध झाला. कर्णाचा नियम नुसता सांगितला असतां विद्यार्थी तो पाठ करतो. पण मोर आणि साप डोळ्यांपुढें येतांच तो आकृति काढावयास बसतो. शिकणाऱ्याचें मन विषयाकडे ओढून घेण्याची ही युक्ति आठ शतकांहून अधिक जुनी आहे.

कॉलेजांतील गणिताच्या व्याख्यानांत विद्यार्थ्यांचें लक्ष कसें टिकवावें, हा प्रश्न संगणकाच्या व पडद्याच्या काळांत नव्यानें चर्चिला जात असला, तरी मूळचा नवा नव्हे. त्याचीं जुनीं पाउलें शोधावयाचीं तर फार दूर जावयास नको. मराठवाड्यांतील बीड जिल्हा आणि त्याच्या आसपासचा मुलूख एवढ्यांतच तीं पुष्कळ उमटलेलीं आहेत.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मधला. सह्याद्रीच्या आश्रयास असलेलें विज्जडविड हें आपलें गांव, असें त्यांनीं स्वतःच लिहून ठेवलें आहे. हें विज्जडविड कोणतें, याविषयीं विद्वानांत एकवाक्यता नाहीं. नामसादृश्यावरून कांहींनीं तें बीड ठरविलें. बीड सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून दूर पडतें, म्हणून दुसऱ्यांनीं चाळीसगांवजवळील पाटणच्या परिसराकडे बोट दाखविलें. वाद कसाहि मिटो. आचार्यांच्या विद्येचा पुढील इतिहास मात्र पाटणच्या शिलालेखानें पक्का झाला आहे. तो लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं एकोणिसाव्या शतकांत उजेडांत आणला. आचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी होता. त्यानें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं तेथें मठ स्थापिला, आणि इ. स. १२०७ मध्यें निकुंभ वंशांतील सोइदेवानें त्या मठास दान दिलें. लेखाचा कांहीं भाग जुन्या मराठींत आहे. उच्च गणित शिकविणारी संस्था समाजानें आपल्या उत्पन्नांतून चालवावी, ही कल्पना या भूमींत अशी जुनी आहे.

त्या मठांत शिकवावयाच्या ग्रंथांत यंत्रांचा विचारहि होता. शके १०७२ मध्यें, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, आचार्यांनीं 'सिद्धांतशिरोमणि' रचला. त्यांतील यंत्राध्यायांत गोल, नाडीवलय, यष्टि, शंकु, घटी, चक्र, चाप, तुर्य, फलक आणि धी अशीं दहा यंत्रें सांगितलीं आहेत. घटी म्हणजे बुडाशीं भोंक असलेलें तांब्याचें वाटीसारखें पात्र. पाण्यावर ठेवलें असतां तें हळूहळू भरून बुडतें, आणि अहोरात्रांत साठ वेळां बुडेल अशा मापाचें असेल तर एक बुडी म्हणजे आपलीं २४ मिनिटें. याच पात्रांत मोतीं पडून भोंक बुजलें व लीलावतीचा विवाहमुहूर्त टळला, अशी कथा लोकप्रिय आहे. ती आचार्यांच्या ग्रंथांत नाहीं. अकबराच्या दरबारांतील फैजीनें इ. स. १५८७ मध्यें जो फारशी अनुवाद केला, त्यांतून ती पसरली. कथा खरी नसली तरी तिच्यांत एक मर्म आहे. यंत्र कितीहि चांगलें असो, बारीकसा मोतीं त्याला फसवूं शकतो.

म्हणूनच कीं काय, दहावें यंत्र आचार्यांनीं सर्वांत श्रेष्ठ मानिलें. तें धातूचें नव्हे, लाकडाचेंहि नव्हे. तें म्हणजे धी, म्हणजेच बुद्धि. हातीं एक साधी काठी घेऊन बुद्धिमान् मनुष्य उंची, अंतर व आकाशस्थ पदार्थांची स्थिति काढूं शकतो. त्याला मोठमोठ्या यंत्रांचा पसारा लागत नाहीं, असा त्यांचा आशय आहे. यंत्रें वर्णिणाऱ्यानेंच यंत्रांची मर्यादा सांगावी, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाईस याच विचाराचें दुसरें उदाहरण सांपडतें, पण तें गणिताचें नसून वेदांताचें आहे. दासोपंत (१५५१-१६१५) यांची पासोडी तेथें जतन केलेली आहे. सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा कापडावर त्यांनीं पंचीकरणाचा विषय ओव्या व आकृति यांच्या साह्यानें मांडला. पंचीकरणाच्या मुळाशीं मोठें सुबक अपूर्णांकगणित आहे. पांच भूतांपैकीं प्रत्येकाचे दोन समान भाग करावयाचे. एक अर्धा तसाच ठेवावयाचा, दुसऱ्या अर्ध्याचे चार भाग करून ते उरलेल्या चार भूतांस वांटावयाचे. म्हणजे प्रत्येकापाशीं स्वतःचा अर्धा आणि इतरांकडून आलेले चार अष्टमांश. बेरीज पुन्हां एकच. शब्दांनीं सांगतां गोंधळ उडतो, कोष्टकानें क्षणांत उलगडतें. पोथी एकानें वाचावयाची असते. पासोडी पसरली कीं अनेकांना एकाच वेळीं पाहतां येते. फळा व पडदा यांचें काम याहून निराळें तें काय?

पुढें छापखाना आला. जॉर्ज जार्व्हिस यांनीं इ. स. १८२० नंतरच्या दशकांत मुंबईस गणिताचे ग्रंथ मराठींत आणविले. बाळशास्त्री जांभेकरांनीं 'शून्यलब्धिगणित' लिहून चलनकलनासारखा कठीण विषय मराठींत उतरविला. केरो लक्ष्मण छत्रे यांनीं पुण्यास गणिताच्या अध्यापकाचें काम केलें. बीडचा विद्यार्थी मात्र तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. हैदराबादेस १९१८ मध्यें स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत शिक्षणाचें माध्यम उर्दू होतें. गणिताबरोबर भाषेचीहि चढण त्याला चढावी लागे. औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघालें तें २३ ऑगस्ट १९५८ रोजीं.

त्यानंतर यंत्रें झपाट्यानें आलीं. १९८४ मध्यें विद्यापीठ अनुदान मंडळानें दूरदर्शनवरून देशव्यापी वर्ग सुरू केले. २००३ मध्यें आय. आय. टी. व बंगळूरची विज्ञानसंस्था यांनीं मिळून व्याख्यानें चित्रित करून सर्वांना खुलीं करण्याचें काम हातीं घेतलें. २०२० च्या महामारींत तर वर्गच पडद्यावर गेला. बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं असंख्य कुटुंबें ऊसतोडीस परमुलखीं जातात. अशा घरच्या मुलाला बुडालेलें व्याख्यान पुन्हां ऐकतां यावें, हा लाभ थोडा नव्हे. मात्र त्याला यंत्रहि हवें आणि तें चालविण्याची सोयहि हवी.

परंतु ऐकावयास मिळणें व मन गुंतणें यांत अंतर आहे. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत पदार्थविज्ञानाचे अध्यापक एरिक माझूर यांनीं १९९१ च्या सुमारास निराळीच वाट धरली. व्याख्यान मध्येंच थांबवून ते एक प्रश्न घालीत. प्रत्येकानें आपलें उत्तर नोंदवावयाचें, मग शेजाऱ्याशीं वाद करावयाचा आणि पुन्हां उत्तर द्यावयाचें. पुढें बटणाच्या लहानशा यंत्रानें सर्व वर्गाचीं उत्तरें तत्काळ मोजतां येऊं लागलीं. लाजणारा विद्यार्थीहि बोलता झाला आणि आपण शिकविलेलें किती पोंचलें हें शिक्षकास कळलें. गणिताच्या वर्गांतहि ही रीत शिरली. पण बारकाईनें पाहतां यांत काम करतो तो प्रश्न. बटण केवळ त्याची वार्ता पोंचवितें.

आज संगणकाच्या पडद्यावर खांबाची उंची बदलली कीं मोराची झेप डोळ्यांदेखत बदलते. हें पाहून विद्यार्थी नुसता थक्क झाला तर तो तमाशा होय. साप दूर गेला तर गांठ बिळापासून लांब पडेल कीं जवळ, हें त्यानें आधीं मनाशीं ठरविलें आणि मग पडद्याकडे पाहिलें, तर तें शिक्षण होय. पाटणच्या मठास दान हवें होतें, पंचीकरणास पासोडी हवी होती, आजच्या कॉलेजास विजेचीं साधनें हवींत. त्यांचा खर्च समाजानें आनंदानें करावा. फक्त यंत्रांची यादी करतांना दहावें यंत्र गाळूं नये. कारण उरलेलीं नऊ यंत्रें विकत मिळतात, तें मिळत नाहीं.