मोडशी, पटकी आणि विषमज्वर

वाशिमाचें प्राचीन नांव वत्सगुल्म. त्यांतल्या 'गुल्म' शब्दाचा अर्थ कोशांत झुडूप असा आहे, सैन्याची तुकडी असाहि आहे. आणि वैद्याच्या पोथींत तोच शब्द पोटांतल्या गोळ्याला लावलेला आहे. बोलणारा कोण, यावरून अर्थ ठरावयाचा. रोगी आणि चिकित्सक यांच्यामधला घोटाळा असाच जुना आहे.

मोडशी म्हणजे अजीर्णाची ओकारी आणि ढाळ. गोमंतकांतल्या पोर्तुगीजांनीं हा शब्द पटकीसाठीं उचलला. १५४३ सालीं गोव्यांत पटकीची भयंकर सांथ आली. तिचें वर्णन गास्पार कोर्रेया या इतिहासकारानें करून ठेविलें आहे. पुढें १५६३ सालीं गोव्यांतच छापलेल्या आपल्या ग्रंथांत गार्सिया द ओर्ता या वैद्यानें स्वच्छ सांगितलें कीं, देशी लोकांच्या शब्दाचा अपभ्रंश करून पोर्तुगीज लोक या रोगास 'मोर्देशी' म्हणतात. फ्रेंचांच्या कानांनीं त्याचें 'मोर द शियें' केलें, म्हणजे कुत्र्याचें मरण! मोडण्यावरून निघालेल्या साध्या मराठी शब्दाची ही गत. नुसतें नांव ऐकूनच रोग्याचा धीर सुटावा.

वाशीम हा वऱ्हाडांतला स्वतंत्र जिल्हा होता तेव्हां, १८९९-१९०० च्या दुष्काळांत, वऱ्हाडावर भुकेपाठोपाठ पटकी आली. कॉख या जर्मन शास्त्रज्ञानें तिच्या जंतूची ओळख १८८४ सालींच पटविली होती. पण रोग पाण्यावाटे पसरतो, हें 'पटकी' या नांवांत कोठें होतें? लोक मरीआईला नैवेद्य दाखवीत आणि पाणी त्याच विहिरीचें पीत.

याहून अवघड प्रकरण विषमज्वराचें. आयुर्वेदाच्या ग्रंथांत विषमज्वर म्हणजे अनियमितपणें येणारा ताप. त्याच्या प्रकारांत एका दिवसाआड येणारा तृतीयक आणि दोन दिवसांआड येणारा चतुर्थक हे मोडतात. हीं लक्षणें बव्हंशीं हिंवतापाचीं. मात्र आधुनिक मराठींत विषमज्वर हें नांव टायफॉइडला मिळालें! हिंवताप डासापासून येतो, हें रॉस यानें १८९७ सालीं सिकंदराबादेस सिद्धीच्या वाटेवर आणलें. टायफॉइड येतो दूषित अन्नपाण्यांतून. त्यांत आंतड्यांना व्रण पडतात, आणि वेळीं उपचार न झाल्यास आंतडें फुटूं शकतें. म्हणजे वैद्य व डॉक्टर यांनीं एकच शब्द उच्चारला, तरी एका घरांत मच्छरदाणी लावावयाची आणि दुसऱ्यांत पाणी उकळावयाचें. जुन्या नांवाला नवा अर्थ चिकटविणाऱ्यांनीं याचा विचार केलेला दिसत नाहीं.

इंग्रजी शब्दांनीं घोटाळा मिटतो असेंहि नाहीं. 'क्रॉनिक' म्हणजे दीर्घकाळ रेंगाळणारा; त्याचा अर्थ भयंकर असा नव्हे. 'ॲक्यूट' म्हणजे एकाएकीं उठलेला. तपासणी 'पॉझिटिव्ह' आली ही शुभवार्ता नव्हे. जें शोधलें तें सांपडलें, इतकेंच.

१९६० सालीं स्थापन झालेल्या भाषा संचालनालयानें परिभाषाकोश काढले. त्यांतले शब्द नेटके आहेत. पण १९९८ सालीं पुन्हां जिल्ह्याचें ठाणें झालेल्या वाशिमांत दवाखान्याच्या बांकावर बसलेला शेतकरी आपलें दुखणें त्या शब्दांनीं सांगत नाहीं. अंगांत कसकस आहे, पोटांत मुरडा येतो, असें तो म्हणतो. आणि हे दोन्ही शब्द डॉक्टरला अचूक कळतात.